डोळे मिटलेला फोटो

“लग्नाचा फोटो म्हणजे हाच?”

शिंगटे सरांनी फोटो दोन बोटांत धरून खिडकीकडे नेला, उजेडात पाहिला आणि मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. खरा फोटो बहुतेक तिकडे असेल असं त्यांना वाटलं असावं.

“हाच,” मी म्हणाले.

“नवरीचे डोळे मिटलेत.”

“पाणी उडालं ना तोंडावर.”

“नवऱ्याचा एकच कान आलाय. मागे चपलांचं कपाट. आणि मधोमध ह्या कोण? हसतायत त्या?”

“मी,” शेजारच्या खुर्चीवरून आई म्हणाली.

शिंगटे सरांनी आईकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि फोटो टेबलावर पालथा ठेवला. कोल्हापुरात एका मिठाईच्या दुकानावर त्यांचं व्हिसा सल्ला केंद्र होतं. खालून तुपाचा वास यायचा. भिंतीवर कॅनडाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर ठिकठिकाणी टाचण्या लावलेल्या. एकेक टाचणी म्हणजे त्यांनी पोचवलेलं एकेक माणूस.

“ताई, रागावू नका,” ते मला म्हणाले. “रजिस्टर लग्नाचा दाखला आहे, चांगलं आहे. पण तिथला साहेब दाखला बघून गप्प बसत नाही. तो बघतो, हे लग्न खरंच झालं का. की पोरीला तिकडे धाडायला उरकलं. भारतातलं लग्न कसं असतं हे त्याला पाठ आहे. दोन-चारशे माणसं, बँडबाजा, हळद, आईबाप रडतायत. आणि तुम्ही देताय काय, तर नदीवरच्या देवळात आठ माणसं आणि डोळे मिटलेली नवरी.”

“पण लग्न असंच झालं,” मी म्हणाले.

“झालं असेल. वाटत नाही.”

मी रसायनशास्त्राची पदवीधर. तेव्हा कराडजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासायचे. झालेली गोष्ट आणि वाटलेली गोष्ट ह्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. शिंगटे सरांच्या टेबलावर मात्र एकच रकाना होता.

आमचं लग्न तसं का झालं, ते सांगते. प्रसन्नशी माझं ठरलं आणि दीड महिन्यात बाबा गेले. कारखान्यातून घरी आले, पाणी मागितलं, आणि आई तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. आमच्याकडे घरात माणूस गेलं की ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. प्रसन्न विनिपेगला नोकरीला. तीन वर्षं म्हणजे कोणाला धीर निघणार? म्हणून वर्ष भरायच्या आत, तो सुट्टीवर आला तेव्हा, कृष्णेच्या घाटावरच्या दत्ताच्या देवळात लग्न लावलं आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर केलं. वाजंत्री नको, जेवणावळ नको, फोटोग्राफर नको, असं आईच म्हणाली. काका-काकूंनाही ऐन वेळी यायला जमलं नाही. काकूंच्या माहेरी कोणीतरी दवाखान्यात होतं.

त्यामुळे कन्यादानाची वेळ आली तेव्हा बसायला जोडपंच नव्हतं. आई मागे सरकून खांबाला टेकून उभी होती. नाना गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, या पुढे.”

“मी? मला चालतं का?”

“मुलगी कोणाची? तुमचीच ना? मग दुसरं कोण देणार? तांब्या घ्या.”

एरवी आई पाणी सोडते ते वडिलांच्या ओंजळीत, आणि तिथून ते मुलीच्या आणि जावयाच्या हातांवर येतं. बाबांच्या ओंजळीची जागा रिकामी होती. पाणी थेट तांब्यातून आलं आणि भसकन आलं. प्रसन्नची बाही भिजली, माझ्या तोंडावर उडालं, गुरुजींची पोथी भिजली.

“अहो, हळू!” गुरुजी ओरडले. “अख्खी कृष्णा इथे आणायची नाहीये!”

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. अगदी मान मागे टाकून, दात दिसतील अशी. प्रसन्नच्या मित्राने, संदीपने, तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. त्या काळचा मोबाइल तो. फोटो धुरकटच यायचे. त्याची एक प्रत संदीपने काढून आणून दिली. तीच ही.

“मग आता काय करायचं?” आईने शिंगटे सरांना विचारलं.

“राहिलेला समारंभ करायचा. खोटं काही नाही त्यात. दाखला आधीचा, विधी नंतरचे, असं पुष्कळांचं असतं. जावई कधी येतायत?”

“मार्गशीर्षात. पंधरा दिवस.”

“बास. हॉल घ्या. फोटो मात्र भरपूर. आणि कन्यादानाला…” ते जरा अडखळले. “जोडपं बसवा. काका-काकू आहेत ना?”

“आई बसेल,” मी म्हणाले.

“ताई, फोटोत एकटी बाई दिसली की साहेब विचारणार, वडील कुठे? मग मृत्यूचा दाखला काढा. मग विचारणार, वडील वारले त्याच वर्षात लग्न कसं? घाई कसली? एका प्रश्नाला दहा पोरं होतात. कशाला?”

“खरंय त्यांचं,” आई म्हणाली.

“आई, काहीही काय!”

“तू गप्प बस. जायचंय ना तुला?”

जायचं होतं. खोटं कशाला बोलू? चार दिवसांचा संसार करून प्रसन्न परत गेलेला. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असायची. मी त्याला प्रयोग सांगायचे. उकळतं पाणी गॅलरीतून हवेत फेक, थेंब खाली पडतात का बघ. केस ओले ठेवून बाहेर जा आणि मोडतात का सांग. तो बिचारा खरंच करायचा. “पाण्याचा धूर झाला, हेमांगी! खाली काही पडलंच नाही,” तो ओरडायचा, आणि शेजारी भिंतीवर ठोकायचे. मला तो धूर त्याच्या शेजारी उभं राहून बघायचा होता. एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी एका अनोळखी माणसाला आमचं लग्न पटायला हवं होतं.

मार्गशीर्षात दुसरं लग्न झालं.

फोटोग्राफर झाकीरभाई. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांचेच. हे लग्न कशासाठी आहे हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर आधी. “नवरदेव, हसा की जरा! व्हिसा लागला असं समजा,” ते म्हणायचे आणि लोक खो खो हसायचे. “नवरीबाई, पाठवणीचं रडू नीट पायजे हां. कॅनडात दिसलं पायजे.”

काका नव्या कोटात घामाघूम. शैलाकाकूंनी ठेवणीतली पैठणी नेसलेली. कन्यादानाला बसायच्या आधी त्या मला खोलीत येऊन म्हणाल्या, “हेमा, मला मेलीला अवघडल्यासारखं होतंय बघ. वहिनी असताना मी तुझा हात द्यायचा म्हणजे…”

“मग नका ना बसू, काकू.”

“वहिनींनीच शपथ घातलीय.”

कन्यादानाला तुम्हीच बसा, असं प्रसन्नही आईला सांगून आला होता. त्याचं तिने काय केलं ते त्यानेच मला सांगितलं. “म्हणाल्या, प्रसन्नराव, तुम्ही हार घालून उभे राहायचं काम करा, बाकीचं मी बघते. आणि कोठीची किल्ली कमरेला लावून गेल्यासुद्धा.”

तिने दिवसभर स्वयंपाकघर सोडलं नाही. आचारी होते, वाढपी होते, तिची तिथे काही गरज नव्हती. झाकीरभाईंनी दोनतीनदा हाक मारली, “आईसाहेब, या की, फॅमिली फोटो!” दरवेळी आतून आवाज यायचा, “आले, आले! एवढ्या पुऱ्या होऊ देत!” मग झाकीरभाईही हाक मारायचे थांबले.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहून मी मान वळवून पाहिलं. हॉलच्या अगदी टोकाला स्वयंपाकघराचं दार, आणि दारात आई. हातात झारा तसाच. दुसऱ्या मुठीत अक्षता असाव्यात, कारण प्रत्येक ‘सावधान’ला तिचा हात वर जायचा. तिथून टाकलेल्या अक्षता आमच्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. त्या मधल्या खुर्च्यांवर, कोणाकोणाच्या डोक्यांवर पडत होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून झटकली आणि मागे वळून पाहिलं.

“नवरीबाई, समोर!” झाकीरभाई म्हणाले.

मी समोर पाहिलं.

अल्बम चांगला झाला. मखमली कव्हर, पाटासारखा जड. शिंगटे सर खूश. “आता कसं लग्नासारखं लग्न वाटतंय!” त्यांनी पानं उलटली, शेवटाकडे येऊन क्षणभर थांबले. “आई कुठेच नाहीत वाटतं. असू दे. विचारलंच तर आजारी होत्या म्हणायचं. पाठ करून ठेवा.”

प्रसन्न परत गेला. कागद गेले. पावसाळा संपता संपता मला दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं. आई सोबत आली. रेल्वेत अल्बम वर ठेवू दिला नाही तिने. जुन्या शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. समोरच्या बाकावरच्या बाईंना उघडून दाखवलाही. “ही आमची हेमा. हे जावई. हे माझे दीर, ही जाऊ.” त्या बाईंनी विचारलं, “आणि तुम्ही?” आई म्हणाली, “मी आत होते. कामं काय थोडी असतात?”

वकिलातीत फक्त मलाच सोडत होते. आई रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसली. मोबाइल, पिशवी, सगळं तिच्याजवळ. मी फाइल आणि अल्बम घेऊन आत गेले. फाइलमध्ये दाखल्यांच्या मध्ये मी तो देवळातला फोटोही सरकवून ठेवला होता. द्यायचा म्हणून नव्हे. प्रयोगशाळेत चुकलेलं रीडिंगसुद्धा पुसून टाकत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारून ते तसंच ठेवतात. मला तो घरी ठेववला नाही, इतकंच.

काचेपलीकडे एक पन्नाशीच्या बाई होत्या. चष्म्याला साखळी. मला समजेल अशा बेताने त्या सावकाश इंग्रजी बोलत होत्या. प्रसन्न काय काम करतो, किती वेळा बोलता, शेवटचं काय बोललात. मी उकळत्या पाण्याच्या धुराचं सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मग अल्बम मागितला.

त्यांनी तो घाईने पाहिला नाही. एकेक पान बघितलं. हळद, हार, काका-काकू, काकूंच्या हातातला तांब्या, काकांची ओंजळ, पाठवणी. शेवटचं पान झालं. अल्बम बंद करून त्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी विचारलं, “तुमची आई कुठे आहे?”

“बाहेर. झाडाखाली.”

“नाही. ह्यात. मी इथे पुष्कळ लग्नं पाहिली आहेत. मुलीची आई प्रत्येक फोटोत असते. नको तिथेसुद्धा असते. तुमच्या अर्जात लिहिलंय आई आहे, तुमच्याजवळ राहते. मग ती इथे का नाही?”

‘आजारी होती’ हे इंग्रजीत माझ्या जिभेवर तयार होतं. पण रस्त्यापलीकडे ती धडधाकट बसलेली, दोन दिवस मांडीवर अल्बम घेऊन आलेली. मला ते शब्द उच्चारता आले नाहीत.

“हे आमचं लग्न नाही,” मी म्हणाले. “म्हणजे आहे, पण हे तुमच्यासाठी केलं. आमचं आधीच झालं होतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता सगळं संपलं असं मला वाटलं. तरी मी फाइलमधून तो फोटो काढला आणि काचेखालून पुढे सरकवला.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. “हे कोण हसतंय?”

“माझी आई.”

“काय करतेय ती?”

मग मी सगळं सांगितलं. बाबा, वर्षाच्या आतलं लग्न, रिकामी ओंजळ, जोरात आलेलं पाणी, गुरुजींचं ओरडणं. विधवेला पुढे येऊ देत नाहीत आणि तरी ती कशी पुढे आली. आणि मग दुसऱ्या वेळी कशी मागे राहिली, कारण हे लग्न तुम्हाला पटावं असं तिला वाटत होतं. माझं इंग्रजी मोडत होतं, मी मोडू दिलं. पाणी थेट हातांवर आलं हे सांगितलं तेव्हा बाईंनी आपली रिकामी ओंजळ करून पाहिली. बहुतेक नकळत.

“मला अल्बम नको,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि तो जड अल्बम दोन्ही हातांनी खालून परत ढकलला. “हा मात्र फाइलमध्ये ठेवू का? तुमच्याकडे दुसरी प्रत आहे?”

“आहे,” मी म्हणाले. संदीपच्या मोबाइलमध्ये असणारच, असं धरून. इतर कुठल्याही गोष्टीत मी तपासल्याशिवाय ‘आहे’ म्हटलं नसतं.

बाहेर आले तेव्हा आई उभीच होती.

“झालं?”

“झालं. मुलाखत चांगली झाली असं वाटतंय.”

“अल्बम बघितला का त्यांनी?”

“बघितला.”

“सगळा?”

“सगळा. एकेक पान.”

तिने तो माझ्या हातून घेतला, पदराने कव्हर पुसलं, शाल गुंडाळली. मग रिक्षा कुठून येते ते बघत, माझ्याकडे न पाहता विचारलं, “माझं काही विचारलं का? मी कुठे दिसत नाही म्हणून?”

मी भराभर विचार केला. हो म्हटलं तर तिला कळणार, की दिवसभर पुऱ्यांजवळ उभं राहणं वाया गेलं. वाया नुसतं नाही, त्यानेच सगळं अडणार होतं. मला ते तिला कळू द्यायचं नव्हतं.

“नाही गं,” मी म्हणाले. “काहीच विचारलं नाही.”

“काहीच नाही?”

“नाही.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. रिक्षा आली, आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने, सिग्नलला थांबल्यावर, ती स्वतःशीच पुटपुटली, “विचारलंच नाही होय.”

मी ते ऐकलं. तिला हायसं वाटलं असेल, असा मी त्याचा अर्थ लावला.

व्हिसा आला. निघायच्या आधी तिने विचारलं, “हेमा, देवळातला तो फोटो कुठेय गं?” मी म्हटलं, “फाइलला लागला एक जास्तीचा.” ती म्हणाली, “डोळे मिटलेला दिलास होय! काय म्हणतील ते लोक!” आणि खूप हसली. तेव्हाही सांगता आलं असतं. पण बॅगा भरायच्या होत्या, चकल्या कशात बांधायच्या ते ठरायचं होतं. संदीपला विचारलं तर तो मोबाइल त्याने केव्हाच बदलला होता. जुन्यातलं काही ठेवलं नव्हतं.

मी गेले. पहिल्याच हिवाळ्यात प्रसन्नने आणि मी गॅलरीत उभं राहून पाण्याचा धूर केला. संसार झाला, चांगला झाला. आई कॅनडाला यायची म्हणायची, पण थंडीला भ्यायची. आणि मग एका माघात काकूंचा फोन आला.

मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तेराव्याला हार घालायला आईचा फोटो हवा होता. रेशनकार्डावरचा होता, तो कोणालाच आवडेना. कपाटातून अल्बम निघाला, त्याच शालीत गुंडाळलेला. काकूंनी मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. प्रत्येक पानावर त्या स्वतःच होत्या, पैठणीत. बंद करताना त्यांचे डोळे भरून आले.

“वहिनी सारखं बोलून दाखवायच्या बघ,” त्या म्हणाल्या. “कोण आलं-गेलं की अल्बम काढायच्या आणि हसत हसत म्हणायच्या, एवढा मोठा परदेशी साहेब, एवढे सगळे फोटो बघितले, पण पोरीची आई कुठेय, एवढं काही त्याच्या मनात आलं नाही. चेष्टेत म्हणायच्या. पण सारखं म्हणायच्या.”

मी काकूंच्या हातून अल्बम घेतला. त्याचं मखमली कव्हर एका कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालं होतं, रोज हात लागल्यासारखं.

आई, त्यांनी अल्बम बंद केला आणि सगळ्यात आधी तुझंच विचारलं.